बाळासाठी केळ्याची धिरडी, तव्याला न चिकटणारी

साखर नसलेली केळ्याची धिरडी उलटताना हमखास फाटतात. केळं जास्त आणि पीठ कमी, हे त्याचं कारण.

संध्याकाळी ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात काळे ठिपके पडलेली केळी स्वस्तात मिळतात. तीच घ्या, गोडवा त्यातच असतो.

१. एक केळं काट्याने अगदी गुळगुळीत कुस्करा.
२. त्यात २ चमचे नाचणीचं पीठ आणि २ चमचे कणीक घाला. नुसत्या नाचणीची मोडतात, म्हणून कणीक हवीच. लागेल तसं पाणी घालून इडलीच्या पिठाइतकं घट्ट ठेवा आणि १० मिनिटं झाकून ठेवा.
३. तव्यावर थेंबभर तूप. पुरीपेक्षाही लहान धिरडी घाला, आच मंद, वर झाकण. वरची बाजू कोरडी दिसेपर्यंत उलथनं लावूच नका. सगळी गंमत इथेच आहे.

नुकतंच खायला लागलेल्या बाळाला बोटाएवढ्या मऊ पट्ट्या कापून द्या, आणि खाताना जवळ बसा.

वर्षाच्या आतल्या बाळाला यात मध अजिबात घालू नका, शिजवूनसुद्धा नाही. कणीक पहिल्यांदाच देत असाल तर त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नको.