‘सोयीनुसार भेट’ या दोन शब्दांवर सही करू नका

हिंसक नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायकांबरोबर मी गेली अकरा वर्षं पुण्यातल्या कोर्टांत जाते आहे. वकील म्हणून नाही, सोबत म्हणून. त्याआधी माझ्या मुलीसाठी हेच उंबरठे झिजवले होते. एवढ्या वर्षांत दोन सल्ले ऐकून कान किटलेत. पहिला, ‘मुलांकडे बघून सहन कर.’ मुलं तीच मारहाण बघत मोठी होतात, म्हणून तर आपण घराबाहेर पडतो. दुसरा, ‘पोराला त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू देऊ नकोस.’ हा ऐकायला धीराचा वाटतो, पण कोर्टाचा आदेश नसताना बापाच्या मुलाशी भेटी अडवल्या की ‘आई मुलाचे कान भरते’ असा ठपका बसतो आणि तो पुसायला वर्षं जातात. भेट अडवायची असेल तर कोर्टाकडून अडवून घ्या.

आत्ता या घडीला जिवाला धोका असेल तर हा लेख नंतर वाचा. आधी ११२ किंवा १८१ लावा, मुलासाठी १०९८.

अर्ज कुठे करायचा

मुलाचा ताबा म्हटलं की सगळ्या थेट कौटुंबिक न्यायालयात धावतात. मारहाण झालेली असेल तर आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याचा आधार घ्या. त्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेटीमुळे मुलाच्या हिताला धक्का पोहोचेल असं त्यांना वाटलं तर भेट नाकारावी, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. कलम २३ खाली अंतरिम आदेश, गरज पडल्यास एकतर्फीसुद्धा, म्हणजे समोरच्याचं ऐकण्याआधीच, मिळतो. तुम्ही माहेरी किंवा बहिणीकडे तात्पुरत्या राहत असाल तर तिथल्या कोर्टातही हा अर्ज चालतो. घटस्फोटाचा दावा आधीच सुरू असेल तर कलम २६ मुळे हेच सगळं त्या दाव्यात मागता येतं. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल असला तर अर्जाला बळ येतं. नसला म्हणून अर्ज अडत नाही. वकिलाच्या फीसाठी मंगळसूत्र मोडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा ताबा साधारणपणे आईकडे ठेवतो. गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं की एवढ्या लहान मुलाचं आईकडे राहणं हिताचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी बापावर आहे. वकिलाला त्या निकालाची आठवण करून द्या.

हिंसक बाजू बायकोची असेल तर बापाला २००५ चा कायदा वापरता येत नाही. त्याने १८९० चा पालक आणि पाल्य कायदा धरावा, मूल जिथे नेहमी राहतं त्या जिल्ह्यातल्या कोर्टात. भेटीबद्दल पुढे लिहिलंय ते त्यालाही तसंच्या तसं लागू आहे.

कागद

मुलाचा जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, पासपोर्ट आपल्या ताब्यात घ्या. धमकीचे मेसेज असतील तर नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. नवऱ्याच्या मेसेजना दोन ओळींत, मुलापुरतं उत्तर द्या. रात्री अकराला रागाने लिहिलेला एक मेसेज समोरचा वकील तीन वर्षं वाचून दाखवतो.

भेटीचा आदेश

आता खरं अवघड काम. मी इथेच फसले.

ते असं घडतं. सकाळपासून कोर्टाच्या बाकावर बसून दुपारचे तीन वाजलेले असतात. पोटात चहाशिवाय काही नसतं. समोरचा कागद घेऊन दोन्ही वकील येतात आणि म्हणतात, तडजोड पुरसिस, म्हणजे दोघांच्या सहीचं तडजोडीचं निवेदन, देऊन टाकू, आजच्या आज संपेल. कागदावर लिहिलेलं असतं, ‘उभय पक्षांच्या सोयीनुसार अर्जदार मुलीस भेटू शकेल.’ वाचायला किती साधं! मी सही केली. कोणाची सोय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढचे सात महिने नवरा शनिवारी कधी सकाळी आठला यायचा, कधी रात्री साडेनऊला, कधी यायचाच नाही. खाली गाडीचा हॉर्न वाजवत राहायचा. सोसायटी खिडकीत. मी खाली जायचे आणि मुलीच्या देखत पुन्हा तीच भाषा, तेच हात उगारणं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. दर शनिवारी तिचा एक बूट हरवायचा. दोन्ही कधी नाही, एकच. आधी मी रागावले. मग एकदा पलंगाखाली केर काढताना तिचा डाव्या पायाचा बूट सापडला, भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेला, वर जुना टॉवेल. एका बुटावर आपल्याला कोणी बाहेर नेणार नाही, असं तिने धरून ठेवलं होतं. नवरा सोडल्यावर मारहाण थांबते असं मी मानत होते. ती थांबली नव्हती. भेटीच्या वेळेत शिरून बसली होती, आणि तिला दार मी सही करून उघडून दिलं होतं.

म्हणून हट्टाने सांगते: ‘सोयीनुसार’, ‘वाजवी’, ‘परस्पर संमतीने’ यातला एकही शब्द आदेशात येऊ देऊ नका. हिंसक माणसाशी परस्पर संमती होत असती तर आपण कोर्टात आलोच नसतो. वकील म्हणतील, ‘ताई, एवढं कोणी लिहीत नाही.’ लिहितात. लिहून घ्यावं लागतं. त्या दिवशी सही करायची घाई वाटली तर पुढची तारीख मागा. एक तारीख वाढल्याने काही बिघडत नाही. त्या एका शब्दाने माझे सात महिने गेले.

मागताना क्रमाने मागा. मुलावर हात उचलला गेला असेल किंवा लैंगिक त्रासाचा संशय असेल तर भेटच नको, असं मागा. लैंगिक त्रासाची तक्रार पॉक्सो कायद्याखाली लगेच द्यायची, ताब्याच्या दाव्यातला मुद्दा म्हणून राखून ठेवायची नाही. त्याखालोखाल, देखरेखीखालची भेट: न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकाच्या नजरेसमोर, तासाभराची. ती काही महिने नीट पार पडली तर मग बाहेरची, दिवसाची. रात्रीचा मुक्काम सगळ्यात शेवटी, आणि त्यासाठी त्याने वेगळा अर्ज करावा.

आदेशात वार लिहा, वेळ लिहा, जागा लिहा. ‘पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी ११ ते १.’ जागा तुमचं घर नको, त्याचंही नको. मूल कोण पोहोचवणार, त्या नातेवाइकाचं नाव घाला, म्हणजे तुम्ही आणि तो समोरासमोर येत नाही. माझ्याकडून माझा धाकटा काका जायचा, कमी बोलणारा. भांडकुदळ भाऊ पाठवू नका. अर्धा तास वाट पाहूनही तो आला नाही तर ती भेट रद्द, बदली भेट नाही, हे लिहून घ्या. दारू पिऊन आला तर मूल सोपवायचं नाही. व्हिडिओ कॉलचा वार आणि वेळ ठरवा, नाहीतर कॉलच्या निमित्ताने घरभर कॅमेरा फिरतो. दिवाळी, गणपती आणि मे महिन्याची सुट्टी आत्ताच वाटून घ्या. हे राहिलं की ऐन सणात तातडीचे अर्ज करावे लागतात. कोर्टाच्या परवानगीशिवाय मूल जिल्ह्याबाहेर आणि देशाबाहेर न्यायचं नाही, हे वाक्य हवंच. परदेशात स्थायिक झालेल्या बापांच्या बाबतीत तर फारच, कारण पळवलेली मुलं परत आणण्यासाठीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही.

आदेशाची प्रत शाळेत द्या आणि मूल कोणाच्या हाती सोपवायचं ते मुख्याध्यापकांना लेखी कळवा. आदेश नसेल तर शाळा बापाला सहसा नाही म्हणू शकत नाही, त्यात शाळेचा दोष नाही.

भेटीचा दिवस

मुलाला आदल्या रात्री सांगा, पंधरा दिवस आधीपासून नाही. पोटभर जेवून, शू करून जाऊ द्या. ‘काय बोलतात ते नीट ऐकून ये’ असं चुकूनही म्हणू नका.

परत आल्यावर विचारायचं एकच, ‘भूक लागलीय का?’ त्याने मारलं का, दुसरी बाई होती का, असलं काही नाही. मूल बोलतं, पण त्याच्या वेळेला, बहुतेक वेळा अंघोळीला नाहीतर झोपताना. बोललं की ऐकून घ्या आणि मूल झोपल्यावर त्याच्याच शब्दांत वहीत लिहा. ‘मूल घाबरलेलं होतं’ हे तुमचं मत झालं. ‘१.४० ला परत आली, चड्डी ओली, जेवली नाही, म्हणाली बाबांनी बाथरूमची कडी बाहेरून लावली’ ही नोंद झाली. तारीख घाला. वळ दिसला तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवा आणि केसपेपर जपून ठेवा. मुलाचा रडतानाचा व्हिडिओ मात्र काढू नका. न्यायाधीशाला त्यात रडणाऱ्या मुलाइतकाच समोर फोन धरून उभी राहिलेली आईही दिसते.

मूल जायलाच तयार नसेल तर? ओढत नेऊ नका. ‘तिला ताप आलाय’ असं खोटंही कळवू नका. पहिलं खोटं उघडं पडलं की खरंही खोटं ठरतं. मुलाला घेऊन ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जा. तिथे जे घडेल ते समुपदेशकाला बघू द्या. मग त्याच आठवड्यात आदेश बदलण्याचा अर्ज द्या आणि न्यायाधीशांनी मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलावं, अशी विनंती त्यात करा. समजत्या वयाच्या मुलाचं मत कोर्ट विचारात घेऊ शकतं.

आदेश मोडला तर

२००५ च्याच कायद्यातल्या कलम १८ खालचा संरक्षण आदेश मोडणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून मूल सोपवण्याच्या जागी तुमच्याजवळ यायचं नाही, ही अट त्या आदेशात घालून घ्या. नुसता भेटीचा आदेश मोडला तर पोलीस ‘कोर्टात जा’ म्हणतात, आणि मग तारखा सुरू होतात.

ताब्याचा आणि भेटीचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. माझा बदलायला सात महिन्यांच्या नोंदींची वही लागली. आदेश झाला त्याच दिवशी प्रमाणित प्रतींसाठी अर्ज द्या आणि तीन प्रती काढा: एक शाळेला, एक जवळच्या पोलीस चौकीला, एक मूल घेऊन जाणाऱ्याच्या पिशवीत.