लांबच्या ट्रेकचा शिधा वाटेत कसा पोचवाल?
मुंबईहून लडाखमधल्या झांस्करसारख्या भागात 12 दिवसांच्या ट्रेकला निघताना सगळा शिधा पाठीवर घेऊ नका. माणशी रोज 650 ते 700 ग्रॅम कोरडं सामान लागतं, म्हणजे 8 किलोंच्या आसपास. निम्मं बरोबर घ्या, उरलेलं मधल्या गावातल्या होमस्टेत आधीच पोचवा.

पार्सल महिनाभर आधी टाका. दरड कोसळली की रस्ता कित्येक दिवस बंद राहतो. घरमालकाला फोन करून डबा हातात पडल्याची खात्री केल्याशिवाय मुंबई सोडू नका. डबा पत्र्याचाच हवा, गोणी उंदीर एका रात्रीत कुरतडतात. झाकणावर तुमचं नाव आणि तुम्ही तिथे पोचण्याची तारीख ठळक लिहा. गॅसचे कॅनिस्टर पार्सलमध्ये किंवा विमानात चालत नाहीत, ते लेहमध्येच घ्या.

तूरडाळ मात्र घरीच ठेवा. 4000 मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं; तासाभरानंतरही दाणा बोटांत दाबला तर मध्ये पांढरा, कच्चा लागतो आणि इंधन संपतं ते वेगळंच. त्याऐवजी भाजलेली मूगडाळ, पातळ पोहे, मेतकूट, सातूचं पीठ, शेंगदाण्याची चिक्की. रोजची पिशवी वेगळी बांधा, शिवाय दोन दिवसांचा जादा शिधा कायम पाठीवरच असू द्या.