कमी ताकदीच्या लिनक्स मशीनवर स्वतः कंपाइल केलेली पॅकेजेस आपोआप कशी पोचवावीत

२ जीबी रॅमच्या मशीनवर मोठा सी प्लस प्लस प्रोग्रॅम कंपाइल करायला, म्हणजे सोर्स कोडपासून चालवता येईल असा बनवायला घेतला की रॅम संपते, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) भरतो आणि शेवटी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपायलरलाच बंद पाडतो. त्यामुळे कंपाइल दणकट मशीनवर करावं, छोट्या मशीनने फक्त तयार पॅकेज उतरवून घ्यावं. इथे डेबियन हा लिनक्सचा प्रकार धरून सांगितलं आहे.

बिल्डसाठी, म्हणजे दणकट मशीनवर कंपाइल करून पॅकेज बनवायला, छोट्या मशीनवर आहे तीच डेबियन आवृत्ती वापरा. वेगळी असेल तर डीबूटस्ट्रॅप या साधनाने तशी क्रूट, म्हणजे त्याच मशीनवर एका फोल्डरमध्ये वेगळी डेबियन, तयार करा. कंपायलरच्या 'मार्च' पर्यायात (कोणत्या प्रोसेसरसाठी बनवायचं ते सांगणारा) 'नेटिव्ह', म्हणजे 'याच मशीनचा प्रोसेसर', अजिबात देऊ नका. नव्या प्रोसेसरच्या सूचना जुन्याला कळत नाहीत आणि प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतो.

कंपाइल केलेल्या फाइली थेट सिस्टिममध्ये टाकणारी 'मेक इन्स्टॉल' ही आज्ञा टाळा. कुठली फाइल कुठे गेली याची नोंदच राहत नाही. डेब (डेबियनच्या साच्यातलं) पॅकेज बनवा.

आता आवृत्ती क्रमांक. इथे बहुतेक जण घाई करतात. मूळ पॅकेज २.४-१ असेल, तर आपलं २.४-१+लोकल१ करावंसं वाटतं. पण डेबियनची सुरक्षा दुरुस्ती बहुधा '+डेब' असा शेपूट लावून येते. इंग्रजी वर्णक्रमात 'एल' हे 'डी'च्या नंतर, म्हणजे ॲप्टच्या (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) लेखी आपलंच पॅकेज नवं ठरतं आणि दुरुस्ती कधीच बसत नाही! त्याऐवजी '+०लोकल१' लिहा. हे मूळ पॅकेजपेक्षा वरचं, पण सुरक्षा दुरुस्तीपेक्षा खालचं. दुरुस्ती आली की ती बसू द्या आणि तिच्यावरून आपलं पॅकेज पुन्हा बिल्ड करा. पिनिंग करून, म्हणजे ठरावीक पॅकेजलाच प्राधान्य देण्याचा नियम ॲप्टला घालून, आपलंच पॅकेज अडवून धरणं मला धोक्याचं वाटतं.

पॅकेजेस रेप्रेप्रो या साधनाने रिपॉझिटरीत (ॲप्ट जिथून पॅकेजेस उतरवतं तो साठा) टाका, जीपीजी किल्लीने डिजिटल सही करा आणि साध्या वेब सर्व्हरवर ठेवा. छोट्या मशीनवर ती किल्ली आणि रिपॉझिटरीचा पत्ता एकदाच द्यायचा.

नव्या आवृत्त्या आपोआप बसवण्याचं काम छोट्या मशीनवर अनअटेंडेड-अपग्रेड्स हा प्रोग्रॅम करतो. तो मुळात डेबियनच्याच स्रोतांवर विश्वास ठेवतो. रेप्रेप्रोच्या 'ओरिजिन'मध्ये दिलेलं नाव अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या 'ओरिजिन्स-पॅटर्न'मध्ये (परवानगी असलेल्या स्रोतांची यादी) जोडा. हे राहिलं तर काहीच होत नाही, आणि चूकही दिसत नाही.

हा प्रोग्रॅम फक्त आधीपासून असलेली पॅकेजेस अपग्रेड करतो. म्हणून इक्विव्हज हे साधन वापरून एक रिकामं मेटा-पॅकेज (स्वतःत काही नसलेलं, फक्त इतर पॅकेजेस मागणारं) बनवा आणि हवी ती पॅकेजेस त्याच्या 'डिपेंड्स'मध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, लिहा. ते एकदा हाताने बसवा. पुढे नवं काही हवं असलं की यादीत भर घालून मेटा-पॅकेजची आवृत्ती वाढवली की पुरे.

शेवटी अनअटेंडेड-अपग्रेड ही आज्ञा 'ड्राय-रन' (काही न बसवता नुसती चाचणी) आणि 'डीबग' (तपशील दाखवणारा) हे पर्याय देऊन चालवा. परवानगी असलेल्या स्रोतांच्या यादीत तुम्ही 'ओरिजिन'मध्ये दिलेलं नाव दिसायला हवं.