सेरेंगेटीची सफारी : आधी महिना ठरवा, मग मुक्काम

सेरेंगेटीची सहल आखताना प्रथम महिना ठरवावा, मग उद्यानाचा भाग निवडावा आणि मुक्कामाचे ठिकाण सर्वांत शेवटी पक्के करावे. टांझानियातील हे राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटर पसरलेले आहे, आणि तेथील दहा लाखांहून अधिक विल्डेबीस्ट (कळपाने राहणारे, शिंगे असलेले मोठे गवतखाऊ प्राणी) पावसामागून चालत वर्षभर जागा बदलत असतात. त्यांच्याबरोबर झेब्रे आणि गॅझेल हरणेही असतात. ज्या महिन्यात कळप उत्तरेला असतो त्या महिन्यात दक्षिणेत तंबू घेतला, तर मोकळे माळ पाहूनच परतावे लागते.

जानेवारी ते मार्च या काळात कळप दक्षिणेकडील एंडुटूच्या आखूड गवताच्या माळावर असतो. उद्यानाशेजारच्या गोरोंगोरोच्या उंचवट्यावरील ज्वालामुखींच्या राखेमुळे तेथील गवत खनिजांनी समृद्ध आहे, शिवाय मोकळ्या माळावर शिकारी प्राणी दुरून दिसतो. म्हणूनच माद्या येथेच वितात आणि बहुतेक पिल्ले फेब्रुवारीच्या आसपास अवघ्या काही आठवड्यांत जन्मतात. मात्र या माळावर बारमाही पाणी नाही, त्यामुळे पाऊस ओसरला की कळप निघतो. मे-जूनमध्ये तो पश्चिमेकडे ग्रुमेती नदीच्या बाजूला सापडतो, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेकडे मारा नदीच्या परिसरात राहतो आणि नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेची वाट धरतो. पाऊस पुढेमागे झाला तर हे वेळापत्रकही सरकते, म्हणून दोन भागांत मिळून किमान चार रात्री ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने मध्यभागातील सेरोनेरा वगळू नये. तेथील ओढ्यांना वर्षभर पाणी असल्याने सिंह, बिबटे, हत्ती आणि जिराफ कोणत्याही महिन्यात दिसू शकतात. बिबट्या शोधायचा असेल तर ओढ्याकाठच्या पिवळ्या सालीच्या बाभळींच्या आडव्या फांद्या दुर्बिणीने सावकाश पाहाव्यात. खाली लोंबणारी शेपटी बहुधा आधी दिसते. ग्रॅनाइटच्या खडकांचे उंचवटे हे सिंहांचे आवडते ठिकाण आहे.

अरुशा शहराहून सेरोनेरापर्यंतचा रस्ता सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा असून तो गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रातून जातो, त्यामुळे त्या क्षेत्राचे शुल्कही द्यावे लागते. प्रवासाला सात-आठ तास लागतात. छोट्या विमानाने हा वेळ वाचतो, पण त्यात सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते आणि कडक पेटीऐवजी मऊ पिशवी लागते. उद्यानाचे प्रवेशशुल्क चोवीस तासांच्या हिशेबाने आकारले जाते. त्यामुळे नाबी हिल प्रवेशद्वारावरील नोंदीची वेळ लक्षात ठेवून परतीचा दिवस आखावा. शुल्काचे दर बदलत असल्याने चालू दर निघण्यापूर्वी तपासावेत.

कपडे फिक्या मातकट रंगाचे असावेत. काळा आणि गडद निळा रंग रक्त शोषणाऱ्या त्सेत्से माश्यांना आकर्षित करतो, आणि झाडीच्या भागात या माश्या कपड्यांवरूनही चावतात. पहाटेच्या उघड्या गाडीत चांगलीच थंडी वाजते, म्हणून उबदार जाकीट हवेच. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला पुरेसा आधी घ्यावा; पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून टांझानियात प्रवेश करणार असल्यास लसीचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे. टांझानियाने १ जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, तेव्हा सामान बांधताना त्या वगळाव्यात.

आता प्रत्यक्ष फेरीविषयी. स्वाहिलीत ‘सफारी’ म्हणजे प्रवास. आपला ‘सफर’ हा शब्दही त्याच अरबी मुळाचा आहे. प्रवास म्हटला तरी या सफारीतला सर्वांत मोलाचा वेळ गाडी थांबवून बसण्याचा असतो. सूर्योदयालाच निघावे, कारण ऊन चढल्यावर सिंह सावलीत आडवे होतात. चित्ता मात्र दिवसा शिकार करतो आणि नेमक्या त्याच वेळी गाड्या त्याच्याभोवती गोळा होतात. गाड्यांमुळे त्याचे सावज बिथरते आणि पिल्ले असलेली मादी उपाशी राहू शकते. त्यामुळे ‘अजून जवळ घ्या’ असा आग्रह वाटाड्याकडे कधीही धरू नये. उद्यानात रस्ता सोडून गाडी चालवण्यास आणि ठरवून दिलेल्या जागांखेरीज खाली उतरण्यास मनाई आहे. मारा नदी ओलांडण्यापूर्वी कळप काठाशी येऊन तासन्‌तास घुटमळतो. पुढच्या प्राण्यांची वाट गाडीने अडवली तर सगळा कळप मागे फिरतो. म्हणून काठापासून दूर, इंजिन बंद करून, आवाज न करता थांबावे. मगरींची हालचाल आणि पलीकडच्या काठावरची गिधाडे पाहण्यात तो वेळ सहज जातो.

उद्यानातील बहुतेक तळांना कुंपण नसते. खाण्याचे पदार्थ आणि सुगंधी साबण तंबूत ठेवू नयेत, तंबूची चेन (झिप) रात्रभर पूर्ण बंद ठेवावी आणि अंधारात बाहेर पडण्याची वेळ आलीच तर तळावरील पहारेकऱ्याला बोलावून घ्यावे. पहारेकरी नसेल, तर प्रथम विजेरीचा झोत चहूबाजूंना सावकाश फिरवावा. तरसाचे किंवा सिंहाचे डोळे त्या उजेडात चमकतात, आणि ते दिसल्यास तंबूतच थांबावे.