फाइलमधून डिक्शनरी भरताना या चुका टाळा

समजा, फाइलच्या प्रत्येक ओळीत ‘मीना,45’ असं नाव आणि गुण आहेत, आणि ते पायथनमधल्या ‘गुण’ नावाच्या डिक्शनरीत भरायचे आहेत: नाव ही ‘की’, तिच्यापुढची नोंद ही ‘व्हॅल्यू’. लूप लावून नावं छापली की ‘मीना’ पहिल्याच ओळीत दिसते. पण गुण['मीना'] विचारलं की पायथन ‘कीएरर’ (अशी ‘की’ नाहीच) तोंडावर मारतो. दिसतेय, पण सापडत नाही! नवशिक्याला सगळ्यात जास्त छळते ती ही चूक, कारण कोड कितीही वेळा वाचला तरी त्यात खोट सापडत नाही. खोट असते डेटात.

अशा वेळी आधी प्रिंट(गुण) करून अख्खी डिक्शनरी छापा. सुटी स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) छापली तर न दिसणारी अक्षरं लपून राहतात. डिक्शनरी छापली की प्रत्येक ‘की’ अवतरणचिन्हांत येते आणि बिंग फुटतं. 'मीना ' असं दिसलं तर स्वल्पविरामाआधी एक स्पेस राहून गेली आहे. स्प्लिट फक्त ओळीचे तुकडे पाडतं, साफसफाई करत नाही. म्हणून दोन्ही तुकड्यांवर वेगवेगळं स्ट्रिप लावा, ते कडेच्या स्पेस काढतं. व्हॅल्यूच्या शेपटीला चिकटलेलं ‘नवी ओळ’ हे चिन्हही त्यानेच जातं. ते राहिलं, तर ‘हजर’ची तुलना ‘हजर’शी करूनही उत्तर ‘फॉल्स’ येतं.

फक्त पहिलीच ‘की’ सापडत नसेल, तर संशय बीओएमवर घ्या. काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला हे अदृश्य चिन्ह टाकतात आणि स्ट्रिपलाही ते निघत नाही. ओपनमध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-8-सिग’ द्या, प्रश्न मिटतो. मराठी मजकूर असेल तर एन्कोडिंग स्पष्ट लिहायची सवय तशीही हवीच. नाहीतर एका संगणकावर नीट वाचलेली फाइल दुसऱ्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी होते.

‘व्हॅल्यूएरर’ त्या मानाने सभ्य, निदान कुठे अडलं ते सांगतो. ओळ तोडून ‘की’ आणि ‘व्हॅल्यू’ असे दोनच तुकडे हवे असतात. ते कमी पडले तर बहुधा फाइलच्या शेवटी रिकामी ओळ असते. ती तपासून सोडून द्या. जास्त झाले तर विभाजक चिन्ह व्हॅल्यूतही आलेलं असतं. ‘वेळ:10:30’ या ओळीचे तीन तुकडे होतात. स्प्लिट(':', 1) लिहा, पहिल्या खुणेवरच तोडलं जाईल.

फाइलमधून आलेलं सगळं स्ट्रिंग असतं. '45' आणि '5' यांची बेरीज '455' होते, 50 नाही. स्ट्रिंगची संख्या करणारं इंट लावा. (इंटला देवनागरी ‘४५’ सुद्धा कळतं, हे अनेकांना माहीत नसतं.)

डिक्शनरीत शेवटची एकच नोंद उरते? मग रिकामी डिक्शनरी लूपच्या आत तयार होत असणार. ती ओळ लूपच्या वर न्या. एखादीच नोंद गायब असेल तर तेच नाव फाइलमध्ये दोनदा आहे का बघा. नंतरची व्हॅल्यू आधीचीला गुपचूप पुसते, एररही येत नाही. भरण्याआधी ते नाव डिक्शनरीत आहे का, हे ‘इन’ने तपासा.

आणि तीच उघडी फाइल दुसऱ्यांदा वाचायला गेलात तर हाती काहीच लागत नाही, कारण वाचन आधीच शेवटाला पोचलेलं असतं. सीक(0) करून सुरुवातीला परत या, नाहीतर फाइल पुन्हा उघडा.