चहा, सरबत आणि मसाला दूध: दात सांभाळून कसे प्यावे

दातांवरचे कवच, म्हणजे इनॅमल, तोंडातील सामू (पीएच; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागते; लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास असतो आणि कोलाचाही त्याहून फार वेगळा नसतो. त्यामुळे मे महिन्यात दादर स्थानकाबाहेर घेतलेले लिंबू सरबत किंवा घरचे कोकम सरबत घोटघोट करत तासभर पुरवण्यापेक्षा एका बैठकीत, शक्यतो जेवणासोबत संपवावे, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि दात घासण्यापूर्वी किमान अर्धा तास थांबावे, कारण आम्लाने मऊ झालेले इनॅमल ब्रशने सहज झिजते.

कचेरीतील कटिंग चहाचे दुखणे निराळे आहे. चहा स्वतः फारसा आम्लधर्मी नसतो, पण त्यातील साखरेपासून तोंडातील जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते निवळायला लाळेला साधारण अर्धा ते एक तास लागतो. दर तासाला कटिंग घेणाऱ्याच्या दातांना ही उसंत मिळतच नाही. साखर सोडवत नसेल, तर निदान फेऱ्या कमी कराव्यात. (चहाचे डाग टॅनिनमुळे पडतात, ते दिसायला वाईट, पण कीड नव्हे.)

सणांत खरे जपायचे ते कोजागरीला. मसाला दूध रात्री उशिरा प्यायले जाते आणि झोपेत लाळ कमी होते, म्हणून गच्चीवरून उतरल्यावर, कितीही पेंग आली तरी, फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासूनच झोपावे. लहानग्यांना तेच गोड दूध बाटलीतून पाजत झोपवू नये.