ड्रिलिंग फ्लुइडचे संशोधन : प्रयोगशाळेत होणाऱ्या या चुका टाळा

तेलविहीर खोदताना ड्रिल पाइपमधून खाली जाणारा आणि खडकाचा चुरा घेऊन पाइपबाहेरच्या पोकळीतून वर येणारा द्रव, म्हणजेच ड्रिलिंग फ्लुइड, रिगवर (खोदकामाच्या यंत्रणेवर) ‘मड’ या नावानेच ओळखला जातो. नाव साधे असले तरी त्याच्यावरचा भार मोठा असतो. ३,००० मीटर खोलीवर १.२० विशिष्ट गुरुत्वाच्या मडचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३६० किलोग्रॅम भरतो आणि तेवढ्या दाबाच्या आधारावर थरांतील तेल-वायू आवरून विहिरीची भिंत सांभाळायची असते. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेले मिश्रण विहिरीत फसले की दोष रसायनावर ढकलला जातो. पण पुष्कळदा खरे कारण असे असते की, प्रयोगशाळेने तपासलेला मड आणि विहिरीत फिरणारा मड हे दोन वेगळे द्रव होते.

स्वच्छ मडवर समाधान मानणे

प्रयोगशाळेच्या भांड्यात पाणी, बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती), पॉलिमर आणि बॅराइट (मडचे वजन वाढवणारी खनिज पूड) एवढेच असते. विहिरीत मात्र काही तासांतच त्यात बारीक माती, क्षार आणि सिमेंटमधले कॅल्शियम मिसळते. म्हणून नव्या मिश्रणाची पहिली चाचणी स्वच्छ नमुन्यावर घेतली, तरी निर्णय मुद्दाम दूषित केलेल्या नमुन्यावरच घ्यावा.

दूषणाचा उलगडा करतानाही घाई नडते. मड अचानक घट्ट झाला आणि गाळणीतून जास्त पाणी सुटू लागले की पाणी ओतून तो पातळ करण्याचा मोह होतो. पण आधी कॅल्शियम, क्षारता आणि पीएच मोजले पाहिजेत. कॅल्शियमबरोबर पीएचही चढला असेल तर संशय सिमेंटवर घ्यावा आणि सोडियम बायकार्बोनेट वापरावे. कॅल्शियम वाढूनही पीएच चढलेला नसेल तर अॅनहायड्राइटचा (कॅल्शियम सल्फेटच्या खडकाचा) थर लागलेला असण्याची शक्यता अधिक असते आणि तेथे सोडा अॅश (सोडियम कार्बोनेट) उपयोगी पडते. कार्बोनेटचे दूषण असेल तर उपाय चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम घालण्याचा, नेमका उलट दिशेचा असतो.

एका आकड्यावर विसंबणे

मार्श फनेलमधून (मडचा घट्टपणा तपासण्याच्या नरसाळ्यातून) ९४६ मिलिलिटर शुद्ध पाणी २६ सेकंदांत बाहेर पडते. मडला किती सेकंद लागतात हे पाहून रिगवर बदल चटकन लक्षात येतो, मात्र बदलाचे कारण त्यातून कळत नाही. त्यासाठी फिरत्या व्हिस्कोमीटरचे (घट्टपणा मोजणाऱ्या उपकरणाचे) ६०० आणि ३०० आरपीएमचे आकडे लागतात. त्यांची वजाबाकी म्हणजे प्लास्टिक व्हिस्कॉसिटी (मुख्यतः घन कणांच्या घर्षणातून येणारा घट्टपणा), आणि ३०० च्या आकड्यातून ती वजा केली की यील्ड पॉइंट (कणांमधल्या आकर्षणातून येणारा विरोध) मिळतो. पहिली वाढली असेल तर मडमध्ये घन कण साचले आहेत असे समजून शेल शेकरच्या (चुरा चाळणाऱ्या यंत्राच्या) जाळ्या व सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून बारीक कण वेगळे करणारे यंत्र) तपासावेत. फक्त दुसरा वाढला असेल तर दूषणाची चौकशी करावी. घन कण वाढल्यावर थिनर (मड पातळ करणारे रसायन) टाकत राहण्याने खर्च वाढतो, कण मात्र जागेवरच राहतात.

मडमधून किती द्रव गळतो हे मोजणाऱ्या गाळणचाचणीतली एक क्षुल्लक वाटणारी चूक अहवालच बिघडवते. उच्च दाब व तापमानाच्या नेहमीच्या सेलमधील गाळणीचे क्षेत्रफळ साध्या चाचणीच्या निम्मे असते, त्यामुळे ३० मिनिटांत जमलेल्या द्रवाचे माप दुप्पट करून नोंदवावे लागते. ते विसरले तर साधारण मिश्रणही उत्कृष्ट दिसते.

स्थिर मडमध्ये बॅराइट बसत नाही, तर फिरत्या मडमध्ये कसे बसेल, असे समजणे

या चुकीवर थोडे थांबायला हवे, कारण ती तर्काला पटणारी आहे. बॅराइटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.२ असते आणि ते तळाशी बसू नये म्हणून मडला जेल-शक्ती (थांबल्यावर घट्ट होण्याचा गुण) दिलेली असते. प्रयोगशाळेत उभ्या भांड्यात मड १६ तास तापवून ठेवला, वरच्या व खालच्या भागाची घनता जवळपास सारखी निघाली, की अहवालात ‘बॅराइट बसत नाही’ असे लिहिले जाते. पण विहीर पुष्कळदा तिरपी असते. तिरप्या नळीत कण उभ्या नळीपेक्षा लवकर बसतात, हे ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट बॉयकॉट यांनी १९२० मध्ये रक्ताच्या नमुन्यांवरून नोंदवले होते. तेलविहिरीशी काहीही संबंध नसलेले ते निरीक्षण या क्षेत्राला फार उपयोगी पडले. शिवाय मंद गतीने मड फिरवताना जेलची जाळी मोडते आणि कणांना वर उचलण्याइतका वेगही नसतो, म्हणून तो पूर्ण स्थिर असतानापेक्षा बॅराइट अधिक बसू शकते. तेव्हा चाचणी तिरप्या स्थितीत आणि अतिमंद गतीने ढवळतही घ्यावी. परतणाऱ्या मडचे वजन एकदा हलके, मग भारी असे हेलकावे खाऊ लागले, तर ते बॅराइट बसत असल्याचे लक्षण असू शकते; मोजणी चुकली असेल म्हणून सोडून देऊ नये.

शेलचे नमुने वाळवणे

मडच्या प्रभावाने शेल (चिकणमातीचा खडक) किती फुटून विखुरतो, हे पाहण्यासाठी त्याचे तुकडे मडमध्ये तापवून फिरवतात आणि चाळणीवर किती उरले ते मोजतात. नमुना आधीच वाळलेला असेल तर त्यातील मूळ ओलावा नष्ट झालेला असतो आणि तो पाण्यात पडताच इतका फुटतो की चांगला मडही निकामी ठरतो. नमुना विहिरीतून निघाल्याबरोबर मिनरल ऑइलखाली हवाबंद ठेवणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

प्रयोगशाळेतील मिक्सर आणि रिगवरील हॉपर एकच मानणे

३५० मिलिलिटर मडमध्ये १ ग्रॅम रसायन टाकणे म्हणजे १ बॅरलमध्ये १ पौंड टाकण्यासारखे, या सोयीच्या हिशोबावर सगळ्या छोट्या चाचण्या चालतात. प्रमाण जुळते, घुसळण जुळत नाही. प्रयोगशाळेचा वेगवान मिक्सर पॉलिमरची पावडर सहज विरघळवतो. हॉपरमधून (रिगवर रसायने मडमध्ये टाकण्याच्या नरसाळ्यातून) ती घाईने टाकली तर तिचे गोळे होतात आणि शेकरवरून बाहेर फेकले जातात. तेलाधारित मडमध्ये याचा परिणाम अधिक फसवा असतो. रिगवर नुकताच तयार केलेला असा मड अशक्त दिसतो, म्हणून इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरणारे रसायन) आणि ऑर्गॅनोक्ले (तेलात घट्टपणा देणारी माती) यांची मात्रा वाढवली जाते. तोच मड बिटच्या (खोदणाऱ्या टोकाच्या) नोझलमधून जोराने बाहेर पडून दोन-तीन फेऱ्या झाल्यावर गरजेपेक्षा कितीतरी घट्ट होतो. म्हणून संशोधकाने शिफारशीत मात्रेबरोबर मिसळण्याचा क्रम, वेग आणि वेळही लिहावा. बेंटोनाइट गोड्या पाण्यात पूर्ण भिजल्यावरच मीठ घालावे, एवढे एक वाक्य राहून गेले तरी पोते उघडणारा माणूस क्रम उलटवतो आणि बेंटोनाइट फुगतच नाही. फसलेल्या मडचा नमुना फेकून न देता त्यावर खोली, परत येतानाचे तापमान आणि शेवटी मिसळलेले रसायन यांची चिठ्ठी लावून तो प्रयोगशाळेकडे पाठवावा, आणि पुढची चाचणी त्याच नमुन्यापासून सुरू करावी.